बाहेरची कडी

१

हरमलला आमच्या घराच्या पाठीमागे पाहुण्यांना द्यायच्या खोल्या आहेत. पाहुणा निघून गेला की मी आत जाते, जनेल उघडते, नळ सोडून बघते आणि दार लावून आतली कडी घालून पाहते. जनेल म्हणजे खिडकी. आमच्याकडे अजून तोच शब्द चालतो. कडी नीट बसत नसेल तर त्याच दिवशी सुताराला बोलावते. परक्या गावात आलेल्या माणसाला बाकी काही नसलं तरी चालतं, पण दार आतून लावता आलं पाहिजे. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कुठल्याही खोलीत शिरले की माझी नजर आधी कडीकडे जाते.

लिस्बनलाही तसंच झालं.

पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झावळ्यांच्या खानावळी, मोडून ठेवतात, खोल्या रिकाम्या पडतात, त्यामुळे जून महिना मला मोकळाच. विनोदिनी पेडण्याच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाली होती. विमला डिचोलीला दिलेली. खाणी बंद झाल्यापासून तिच्या घरचे ट्रक अंगणात उभे होते आणि तिला घरात बसवत नव्हतं. त्या दोघी आणि मी, शेवंती, हायस्कुलात एका बाकावरच्या. विनोदिनीचे वडील पोर्तुगिजांच्या वेळी कचेरीत कारकून होते. ते लिस्बनला कधी गेले नाहीत, पण तिथल्या रस्त्यांची नावं त्यांना पाठ होती आणि मुक्तीनंतरही ते ती मुलांना सांगत. ते रस्ते बघायचे असं विनोदिनीने ठरवलं आणि आम्हा दोघींना ओढलं. विमलाच्या सुनेने मोबाईलवर बघून एक घर भाड्याने ठरवलं. माझे यजमान गोपाळ म्हणाले, जा, घराकडे मी बघतो.

२

घर एका चढावरच्या गल्लीत, अगदी वरच्या मजल्यावर होतं. जिना लाकडी आणि इतका अरुंद की बॅग पुढे धरून चढावं लागे. खालच्या मजल्यांची दारं बंद. तीही आमच्यासारख्या पाहुण्यांसाठीच असावीत, पण त्या आठवड्यात तिथे कोणी नव्हतं. समोरची खोली छान होती. छोटी बाल्कनी, समोरच्या घरांवर वाळत घातलेले कपडे, आणि त्यांच्या मधून दिसणारी नदीची पट्टी. मधे एक लांब बोळ, बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर, आणि बोळाच्या मध्यावर एक आतली खोली. तिला जनेल नव्हतं.

मी पहाटे उठणारी, म्हणून आतली खोली मी घेतली. दोघींची झोपमोड नको. पलंग स्वच्छ होता, चादर धुतलेली होती. दार जाड, जुन्या लाकडाचं, आणि त्याला आतून कडी नव्हती. कडीची जागासुद्धा नव्हती, खिळ्याचं भोक नाही, रंगाखाली खूण नाही. कडी बाहेरून होती. लोखंडी, बोटाएवढी जाड, तेल घातलेली. दिव्याचं बटणही बाहेर बोळात.

मी विनोदिनीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, पूर्वी ही कोठाराची खोली असणार, धान्य किंवा दारूची पिंपं ठेवत असतील. हे मला पटलं. कोठाराला कडी बाहेरूनच असते. तरी मी दार उघडं ठेवून, फटीत माझी चप्पल अडकवून झोपले.

३

पहिले दिवस फार मजेत गेले. पिवळ्या ट्राममध्ये बसलो. पांढऱ्या दगडांच्या चढावर विमलाचे गुडघे बोलू लागले की कुठल्यातरी चर्चच्या पायरीवर बसायचं. गल्लीत कोळशावर तारल्या भाजत होत्या, त्या वासाने आम्हाला हरमलच्या बाजाराची आठवण झाली. दुकानात विनोदिनी ‘पाव’ म्हणाली आणि बाईने पाव दिला, तेव्हा विनोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मेज, जनेल, चमच्याला कुलेर, सगळे शब्द तिथे होते.

एके सकाळी मी न्हाऊन बाहेर आले तर विमलाने माझ्यासाठी बिनदुधाचा चहा ठेवला होता. मी दूध घालूनच चहा पिते हे तिला शाळेपासून माहीत. विचारलं तर म्हणाली, तूच सांगितलंस, आतल्या खोलीतून. मी न्हाणीघरात होते म्हटल्यावर तिने खांदे उडवले. जुन्या घरात आवाज कुठून कुठे फिरतो, असं विनोदिनी म्हणाली. तेही पटण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी खाली जाऊन पाव घेऊन आले. बाल्कनीतून वळून विनोदिनीने विचारलं, एवढ्यात खाली कधी गेलीस, आत्ता तर आत अंथरूण नीट करत होतीस. मी आत जाऊन पाहिलं. मी तसंच टाकून गेलेलं अंथरूण नीट केलेलं होतं. चादर ताणून, पायाकडचा कोपरा दुमडून गादीखाली खोचलेला. तसा कोपरा मी खोचते. माझ्या सासूने मला तसा शिकवला, आणि पाहुण्यांच्या खोल्यांत मी तसाच करते. त्या दोघींपैकी कोणी केलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण विमला अजून झोपली होती, आणि विनोदिनीला चादरीची धड घडी करता येत नाही.

मी पलंगावर बसले नाही. पिशवी उचलून बोळात ठेवली आणि तिथेच उभी राहून केस विंचरले.

४

सिंत्राला जायचा दिवस उजाडला. डोंगरावरचे राजवाडे बघायचे होते, गाडी सकाळची होती. वर थंडी असते असं कळल्यामुळे मी माझा कॉफी रंगाचा स्वेटर आणायला आतल्या खोलीत गेले, रात्री अजून तिथेच झोपत होते. पर्स बोळातल्या खुंटीवर होती, मोबाईल तिच्यात. चप्पल नेहमीप्रमाणे दाराच्या फटीत होती. स्वेटर उशाशी ठेवलेला, तो सापडेना. मी वाकून पलंगाखाली पाहत होते, तेवढ्यात अंधार झाला.

दार लागलं होतं. मग कडी सरकल्याचा आवाज आला, हलकाच, तेल घातलेल्या लोखंडाचा.

मला वाटलं विमला चेष्टा करते आहे. मी दारावर थाप मारून म्हटलं, “विमले, उघड गो, गाडी जायत.” कोणी उघडलं नाही. बाहेर विनोदिनी नकाशा उलगडत होती. कागदाचा आवाज मला स्पष्ट येत होता. मग विमलाने विचारलं, “शेवंते, झाला मां तुझा?”

आणि बोळातून कोणीतरी उत्तर दिलं, “मी कवाच्यान तयार असंय. चला गो.”

आधी मला बरं वाटलं. खरंच सांगते. वाटलं, आपल्याच भागातली कोणी बाई इथे भेटली आणि यांनी तिला वर बोलावलं. आवाज ओळखीचा होता, पण कोणाचा ते पटकन कळेना. आपला स्वतःचा आवाज आपण बाहेरून कधी ऐकत नाही. तो बाहेर इतका बारीक वाटतो हे मला तेव्हा कळलं.

५

मी गुडघ्यांवर बसून दारातल्या जुन्या, रिकाम्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला.

विमला बोळातल्या मेजाशी वाकून बुटाच्या नाड्या बांधत होती. विनोदिनी नकाशाची घडी घालत होती. दोघींच्या आणि माझ्या मधे एक बाई पाठमोरी उभी होती, दाराच्या एका अंगाला इतकी लागून की मला तिची पाठ आणि एक हात एवढंच दिसत होतं. तिच्या अंगावर माझा कॉफी रंगाचा स्वेटर होता. खांद्यावर माझी पर्स होती. मी ओरडले. दारावर दोन्ही हात आपटले. माझ्या एवढ्या आवाजाने विमलाने मान वर केली, दाराकडे नाही, त्या बाईकडे पाहिलं आणि हसली, जणू तिने काही गमतीचं सांगितलं होतं.

मग त्या बाईने मागे न वळता हात पाठीमागे नेला. कडी चाचपली. अंगठ्याने दाबून पाहिली, नीट बसली आहे की नाही. मी माझ्या खोल्यांतल्या कड्या दाबून बघते तशी. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. तशाच माझ्या हातात होत्या. मी हात हलवला तेव्हा त्या माझ्या हातातच वाजल्या.

तिघी बाहेर गेल्या. जिन्यावरून पावलं उतरत गेली. उतरताना विमला म्हणत होती की आज शेवंती किती उत्साहात आहे.

६

त्या खोलीत माझा दिवस कसा गेला ते नीट सांगता येत नाही. अंधारात वेळेला धरायला काही नसतं. मी ओरडले, मग घसा बसला. हात दुखेपर्यंत दारावर मारलं, विशेषतः उजव्या हाताने. खालच्या मजल्यांवर कोणी नाही हे मला माहीत होतं, तरी पायाने जमीन ठोकली.

मग मी भिंती चाचपत फिरले. कुठेतरी बुजवलेलं जनेल असेल, हवा येण्याची फट असेल. काही नव्हतं. दाराशी परत आले आणि दारावरून हात फिरवला. किल्लीच्या भोकाच्या वर, बसलेल्या माणसाचा तळवा जिथे पडेल तिथे, लाकूड झिजलेलं होतं. गुळगुळीत, खोलगट, नदीतल्या दगडासारखं. दारं हाताळून झिजतात, पण ती मुठीपाशी झिजतात. हे आतून झिजलं होतं. मी माझा तळवा त्या खोलगट जागेवर ठेवला आणि तो तिथे बरोबर बसला. मी लगेच हात काढून घेतला.

त्यानंतर मी दारावर मारलं नाही. खोलीच्या मध्यभागी, कशालाही न टेकता बसून राहिले. आपल्याला ताप आला आहे आणि आपण स्वप्नात आहोत, असं म्हणून पाहिलं. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली का, ते आठवून पाहिलं. हरमलच्या घरात सकाळपासून काय काय चालू असेल ते एकेक करून मनात मांडलं. एका गोष्टीची मात्र फार भीती वाटत होती, ती म्हणजे त्या परत येतील तेव्हा तीही परत येईल. आणि त्याहून मोठी भीती, त्या परत येणारच नाहीत.

७

त्या परत आल्या तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. तिथे उन्हाळ्यात दिवस लवकर मावळतच नाही. जिन्यावर हसणं, किल्ली, बोळात पावलं. पावलं माझ्या दाराशी थांबली. कडी सरकली.

दार हळूच उघडलं. बोळातला उजेड इतका होता की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दारात कोणी नव्हतं. माझा स्वेटर खुंटीवर होता, पर्स त्याच्या शेजारी. स्वयंपाकघरात विमला बूट काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुझे पण पाय दुखतत मां?”

मी तिथेच जमिनीवर बसले. मग सगळं सांगितलं. दोघी ऐकत होत्या. विमलाचा चेहरा उतरला. विनोदिनीने माझ्या कपाळाला हात लावला, पाणी दिलं आणि मग तिने मोबाईल काढून फोटो दाखवले. राजवाड्याच्या पायऱ्यांवर आम्ही तिघी. झाडाखाली आम्ही तिघी. एका दुकानात मी मेजावर कोपर टेकून बसलेली, समोर केक. चेहरा माझाच होता. माझे इतके चांगले फोटो कधी आले नव्हते.

मी तिला माझा उजवा हात दाखवला. तो सुजून निळा पडला होता. मी म्हटलं, हा बघ, हे कशाने झालं? विनोदिनी शांतपणे म्हणाली, “अगो, तू पायरीवर घसरलंस. मीच ओला रुमाल बांधलंय.” रुमाल माझ्या पर्समध्ये होता, अजून ओलसर.

विनोदिनी म्हणत होती की ऊन लागलं, परतीच्या गाडीत झोप लागली आणि भलतंसलतं स्वप्न पडलं. शाळेत मुलं चक्कर येऊन पडली की अशीच बडबडतात म्हणाली. तिच्या बोलण्यात कुठे चूक काढता येत नव्हती. माझ्याकडे दाखवायला काहीच उरलं नव्हतं. राहिलेले दिवस मी समोरच्या खोलीत त्या दोघींच्या मधे जमिनीवर झोपले. आतल्या खोलीचं दार मी मेज लावून उघडं ठेवलं होतं. विमलाने मेज उचलायला मला मदत केली, कशासाठी ते विचारलं नाही.

परत येताना विमानात विनोदिनी झोपली होती. विमला माझा हात धरून बसली होती. ती म्हणाली, “एक सांगू? त्या दिवशी तू माका फार बरी वाटलंस. शाळेत होतंस तशी.”

८

दाबोळी विमानतळावर यजमान घ्यायला आले होते. हरमलपर्यंत पाऊस लागला. घरी पोचल्यावर मी चहासुद्धा न घेता पडवीत बसून राहिले, आपल्या घराचा वास घेत. त्यात एक वेगळा वास होता. ओल्या सिमेंटचा.

यजमान म्हणाले, “चल, दाखवतंय. बाबलीन बरा केल्यान काम.”

पाठीमागच्या सगळ्यात कोपऱ्यातल्या खोलीचं जनेल चिरे लावून बुजवलेलं होतं. वरून गिलावा केला होता. पावसामुळे तो वाळला नव्हता, काळपट दिसत होता. दाराची आतली कडी काढून बाहेर बसवली होती. बाबली गवंडी, आमच्याच वाड्यावरचा. त्याने कोपरेसुद्धा नीट काढले होते.

मी विचारलं, हे कोणी सांगितलं. यजमान म्हणाले, तूच फोन केलास. सिंत्राला निघालीस त्या दिवशी, गाडीत बसून. ते पुढे म्हणाले, त्यांनी दोनदा विचारलं, चालती खोली कशाला बंद करायची म्हणून. मी म्हणे सांगितलं की पाहुण्यांना ती द्यायची नाही, ती मला पाहिजे. आणि आवाज इतका खुशीत होता की त्यांना नाही म्हणवलं नाही.

तिथे पावसात उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विनोदिनीसारखं ते स्वप्न ठरवलं नाही. कपाळाला हातही लावला नाही. उद्याच जनेल फोडू, म्हणाले, आणि त्याच पावसात बाबलीच्या घरी जाऊन निरोप देऊन आले.

९

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत बाबली आला नाही. मी स्वयंपाकघरात होते, सकाळपासून तिथून हलले नव्हते. नारळ फोडला, वाटण केलं, भात उतरवला. यजमान हात धुऊन पाटावर बसले तेव्हा मी विचारलं, बाबली का आला नाही.

“येयलो,” ते म्हणाले. “पहार घेवन येयलो. मी परत धाडलंय.”

“कित्याक?”

त्यांनी ताटावरून मान वर केली. “तूच सांगलंस मां मगाशी मागल्या दारातसून. रवांदे म्हणान.”

मी ताट वाढता वाढता थांबले. ते माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. त्यांचा हात भातातच राहिला.

आम्ही दोघंही जेवलो नाही. पडवीतून पहार घेतली आणि मागे गेलो. खोलीचं दार बंद होतं, कडी बाहेरून घातलेली. ती कोणी घातली ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही. बाहेरच्या बाजूने जनेलावर पहार मी मारली. उजव्या हाताला जोर येईना तेव्हा यजमानांनी घेतली. गिलावा ओला होता, चिरे सहज सुटले. पहिला चिरा आत पडला. त्याचा जमिनीवर पडल्याचा आवाज यायला हवा तेवढा आला नाही, जणू कशावर तरी पडला. आतून कोणीतरी श्वास ओढला.

यजमान थांबले. मग त्यांनी बाकीचे चिरे पाडले, घाईघाईने, बोटं खरचटली तरी. उजेड आत गेला. खोली रिकामी होती. पलंग होता, त्यावर चादर ताणून घातलेली, आणि तिच्यावर तो पहिला चिरा. पायाकडचा कोपरा दुमडून खोचलेला होता.

ते जनेल आता उघडंच आहे. झडपा लावल्या नाहीत, पाऊस आत येतो. कडी आम्ही काढून टाकली, ना आत ठेवली ना बाहेर. त्या संध्याकाळी यजमानांनी ठरवलं की यापुढे मी समोर असल्याशिवाय, माझं तोंड बघितल्याशिवाय माझं कुठलंही सांगणं ऐकायचं नाही. मीही हो म्हटलं. मग दोघांनाही एकाच वेळी आठवलं की विमला त्या बाईसमोर अख्खा दिवस बसली होती. एका मेजावर तिच्याबरोबर केक खाल्ला होता.

“मगे मी वळखू कसा?” त्यांनी विचारलं.



घर चालू आहे. पाऊस उघडला की पाहुणे येतील. यजमान अंगणातून मला हाक मारतात, पूर्वीसारखीच, पण हाक मारून जागचे हलत नाहीत. आणि मी लगेच ओ देत नाही. आधी थोडी थांबते, दुसरं कोणी ओ देतं का, ते ऐकते.